अखजीची कोरी घागर

बडोदे,
६ सप्टेंबर १९८१

तीर्थरूप काकींना,
मधुकरचा नमस्कार.

मी तुम्हाला आठवतो की नाही, ठाऊक नाही. सेलूच्या कापडदुकानवाल्या प्रभाकररावांचा धाकटा मुलगा. उन्हाळ्यात हिंगणीला मामाकडे यायचो आणि सकाळपासून तुमच्या अंगणात चंद्रभानकाकांच्या चाकाजवळ बसून असायचो. दुपारी मामी जेवायला हाका मारायची, तेव्हा उठून जायचो. काकांनी मला चाकावर पहिल्यांदा बसवलं, तेव्हा माझ्या हातातली माती उडून भिंतीवर बसली. काका म्हणाले होते, "तिले दाबू नको रे बावा. ते जाते तिकडं तिच्यासंगं जाय." बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "कापडवाल्याचं पोट्टं आन चिखलात हात. आता गाढव घेऊन दे म्हणशील."

त्याच चिखलानं मला इथवर आणलं. बडोद्याला भांड्यांची कला शिकलो, आता गावाबाहेर माझी स्वतःची भट्टी आहे. पांढरी, घट्ट भाजणारी माती वापरतो आणि तिच्यावर काचेसारखी झिलई चढवतो. पण आकार काढायला बसलो की डोळ्यांसमोर तुमच्या अंगणातल्या पालथ्या घातलेल्या घागरीच येतात.

काका गेल्याचं मला या पोळ्याला घरी आलो तेव्हा कळलं. सात वर्षं झाली म्हणतात. मला कोणी कळवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

येत्या फेब्रुवारीत नागपूरला माझं प्रदर्शन आहे. दारातच काकांची एक घागर ठेवावी, खाली त्यांचं नाव लिहावं आणि मग आत माझी भांडी, असा विचार आहे. तुमच्याकडे एखादी असेल तर थोड्या दिवसांसाठी द्याल का? दुसरी विनंती पऱ्हाटीच्या राखेची. कपाशीच्या काड्यांच्या राखेची झिलई करून पाहायची आहे. एखादं पोतं मिळालं तर आमच्या दुकानात पोचवा, पुढचं मी पाहीन.

जो कोणी हे वाचून दाखवत असेल, त्याने कृपा करून सावकाश वाचावे.

आपला,
मधुकर

•

हिंगणी,
२४ सप्टेंबर १९८१

चि. मधुकर यास पंचफुलाचा आशीर्वाद.

तुझं पत्र मीच वाचलं आणि सावकाशच वाचलं. हे गेल्यावर मी अक्षरं शिकले. शेजारच्या शकुबाईच्या नातीचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसायची, आता वाचनालयातून पुस्तकं आणते. बोलते तसं लिहिता येत नाही. शिकले पुस्तकावरून, म्हणून लिहिते पुस्तकासारखं.

तू आठवतोस. फार बोलायचास.

घागर नाही. एकही नाही. तू दुकानदाराच्या घरचा आहेस, पण तुमच्याकडेही रीत हीच असेल. घरात माणूस गेलं की मातीची भांडी घरात ठेवत नाहीत. तांब्या-पितळेची घासून घेतात, मातीची फेकतात. लोकांच्या घरची दोन-चार निघतात. आमचं घर कुंभाराचं. पाण्याची, दाण्याची, दह्याची, सगळी मातीची. बाहेर विकायला रचलेली होती तीही त्याच छपराखाली. माझी मोठी जाऊ रुख्माबाई म्हणाली, "सुतकातलं मडकं कोन घेईल वो? काऊन ठेवते?" तिचं खरं होतं. बायांनी हातोहात सगळं नाल्यावर नेलं. मीही नेत होते. शेवटची घागर टाकून परत आले, हातपाय धुतले, आणि मग लक्षात आलं की त्यांच्या हातचं आता काही राहिलं नाही.

एक गोळा राहिला. घागर थापताना आतून टेकवतात तो, भाजल्या मातीचा, मुठीत मावणारा. रुख्माबाई म्हणाली, ते काय भांडं आहे का, राहू दे. वाचताना पान उडू नये म्हणून मी तो पुस्तकावर ठेवते.

आता माझं ऐक. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं कोरी घागर पाण्यानं भरतात, हे तुला माहीत आहे. मला मूल नाही. रुख्माबाईचा मुलगा पूजा करतो, घागर मी सेलूच्या बाजारातून आणते. कुंभाराची बाई घागर विकत घेते, म्हणून लोक बघतात. त्याचं मला काही नाही. पण त्यांना मी दुसऱ्या कुंभाराच्या हातचं पाणी देते, ते मला बरं वाटत नाही.

त्यांच्या घागरी दूरदूर गेल्या आहेत. तू हिंडणारा आहेस. कुठे एखादी कोरी मिळाली तर आण. तुझ्या प्रदर्शनात आधी ठेव, माझी हरकत नाही. पण तिच्यात पाणी घालू नको. पाणी लागलं की ती कोरी राहत नाही. आणि अखजीच्या आधी ती माझ्या घरी आली पाहिजे.

राख उन्हाळ्यात मिळाली असती. पण चुलीची आहे ती चाळून ठेवते. चुलीत पऱ्हाटीच जळते.

पंचफुला

•

सेलू,
२ नोव्हेंबर १९८१

तीर्थरूप काकींना नमस्कार.

घागर मिळाली.

दिवाळीला आलो तो रोज सायकल घेऊन हिंडलो. आधी हिंगणीतच, मामाच्या गल्लीत. जिथे जावं तिथे तेच. एका म्हातारबुवांनी सांगितलं, "चंद्रभानची घागर होती ना. आमची बुढी गेली, तवा फेकली." दुसरीकडे पोरांनी फोडली. तिसऱ्या घरी सून म्हणाली, "मडकं पाह्याले आले? लगनासाठी पोरगी पाहा ना त्यापेक्षा." रोज वापरायच्या वस्तूला कोण जपून ठेवतं. मी ज्याला कला म्हणतो, ती लोकांनी पाणी पिऊन संपवली होती.

मग कोणी तरी सांगितलं की कारंजाच्या धाब्यांवर काकांचा माल गाडीनं जायचा. हमरस्त्यावर सदाशिवरावांचा धाबा आहे. मी त्यांना माझं काम समजावून सांगितलं. प्रदर्शन, नागपूर, कला, सगळं. ते भाकरी थापणाऱ्याकडे बघत म्हणाले, "ट्रकवाल्याईले थंडं पाणी लागते भाऊ, कला नाई." मग म्हणाले, "पन थांब. चंद्रभानची एक पडून आहे माळ्यावर. लसूण भरून ठेवला व्हता."

शिडी लावून मी स्वतः काढली. काकी, ती तशीच आहे. काठाला काकांचं ते वळण, खाली बोटानं ओढलेली एकच रेघ. पाणी कधी भरलेलं नाही, सदाशिवरावांनी शपथ घेतली. लसणानं कोरेपण जातं का, ते तुम्ही सांगा.

नागपूरला जाणारा ट्रक धाब्यावर उभाच होता, म्हणून तिथूनच नागपूरला मित्राच्या घरी नेऊन ठेवली. तुमच्याकडे घागर घेऊनच यायचं ठरवलं होतं, ते राहिलं. प्रदर्शन झालं की मीच घेऊन येईन.

आपला,
मधुकर

•

हिंगणी,
१५ डिसेंबर १९८१

चि. मधुकर यास आशीर्वाद.

राखेचं पोतं तुमच्या दुकानात पोचवलं. तुझे बाबा म्हणाले, "आतापर्यंत माती होती, आता राखही आली." हसत होते. रागात नव्हते.

लसणानं काही होत नाही. रुख्माबाईचं म्हणणं, होतं. ती म्हणाली, "देवाले लसूण चालते काय?" मी म्हटलं, देवाला नाही, तुमच्या दिराला द्यायचं आहे आणि त्याला लसणाची चटणी रोज लागायची. 

ट्रक उभा होता म्हणून तू नागपूरला गेलास, ते समजलं. कारंजाहून हिंगणीलाही येता आलं असतं. मी एकदा हातात घेऊन परत दिली असती. असो.

तू लिहितोस की तुझ्या भांड्यांवर झिलई असते. मग ती पाझरत नसतील आणि पाणी गारही होत नसेल. लोक ती कशासाठी घेतात? टोचून विचारत नाही. मी कधी पाहिलेली नाहीत, म्हणून विचारते. राखेची झिलई कशी होते, तेही लिही. मी आयुष्यभर राख भांडी घासायला वापरली.

वाचनालयात नवीन पुस्तकं आली आहेत. रात्री थंडी असते, म्हणून दिवसा उन्हात बसून वाचते.

अखजी या वेळी एप्रिलच्या शेवटी आहे.

पंचफुला

•

बडोदे,
१० मार्च १९८२

तीर्थरूप काकींना नमस्कार.

प्रदर्शन झालं. लोक बरेच आले. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या.

तुमच्या राखेविषयी लिहितो. ती पाण्यात कालवून, वरचं पाणी पुन्हा पुन्हा ओतून टाकलं. मग तळाशी बसलेल्या गाळात पांढरी माती मिसळून भांड्यांवर ओतली. भट्टी दोन दिवस थंड होऊ दिली. उघडली तेव्हा भांड्यांवर हिरवट करडा रंग होता, बोर धरणाचं पाणी थंडीत सकाळी दिसतं तसा. जिथे झिलई जाड झाली, तिथे ती ओघळून थेंब होऊन थांबली होती. मी असा रंग मागितला नव्हता. कपाशीच्या काडीत तो आधीपासून असणार. वर्षभर पुस्तकात बघून जे रंग केले होते, ते मी मागच्या फडताळात ठेवून दिले.

लोक कशासाठी घेतात, असं तुम्ही विचारलंत. नागपूरला एक बाई मोठ्या रांजणासमोर उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "यात काय ठेवायचं?" तो म्हणाला, "आधी हे कुठं ठेवायचं ते सांग." मला याहून चांगलं उत्तर माहीत नाही. मला स्वतःला भांड्याच्या आतली रिकामी जागा आवडते. बाकी सगळं मी तिच्याभोवती बांधतो.

सोबत एक लहान बरणी पाठवतो आहे. तुमच्याच राखेची आहे.

घागर ठीक आहे.

आपला,
मधुकर

•

हिंगणी,
५ एप्रिल १९८२

चि. मधुकर यास आशीर्वाद.

बरणी आली. गेल्या वर्षीचं लिंबाचं लोणचं पितळी डब्यात कळकत होतं, ते तिच्यात भरलं. आता चांगलं आहे. तेव्हा कशासाठी घेतात, ते मला कळलं. रंग तू लिहिलास तसाच आहे. मी ती उन्हात नेऊन बघितली, मग सावलीत नेऊन बघितली. शकुबाई म्हणाली, "राखेची आहे म्हनता? मंग आमच्या चुलीत त खजिनाच भरला आहे."

पत्रही पुन्हा वाचलं. राखेवर तू अर्धं पान लिहिलंस. त्या रांजणावर लिहिलंस, वर्तमानपत्रावर लिहिलंस. घागरीवर तीन शब्द. ती दारात ठेवली होती का, खाली नाव लिहिलं होतं का, लोक काही म्हणाले का, यातलं काहीच नाही.

मला वाटतं, तुला ती द्यावीशी वाटत नाही. तसं असेल तर तसं लिही. तू शोधलीस, शिडीवर चढलास. तुझ्या कामाला ती उपयोगी पडत असेल. मी रागावणार नाही, सेलूच्या बाजारातून आणीन, सात वर्षं आणलीच आहे. पण मला वाट बघायला लावू नको. नाही म्हटलं की मी पुढच्या कामाला लागते. तसंच करत आले आहे.

पंचफुला

•

बडोदे,
१७ एप्रिल १९८२

तीर्थरूप काकींना नमस्कार.

घागर पाठवतो आहे. तुमची आहे, ती मी ठेवून घ्यावी असं माझ्या मनात कधी आलं नाही. आमच्या दुकानातला कवडू इकडे माल घ्यायला आला होता, त्याच्याबरोबर देतो आहे. मला येता येत नाही, भट्टी लावली आहे.

दारात ठेवली होती. नाव लिहिलं होतं. लोकांनी विचारलंही.

कोरी आहे. एवढी खात्री देतो.

आपला,
मधुकर

•

हिंगणी,
२ मे १९८२

चि. मधुकर यास आशीर्वाद.

अखजी झाली. आता निवांत आहे, म्हणून लिहायला बसले.

कवडूनं घागर सांभाळून आणली. सेलूहून एसटीत उभं राहायला जागा नव्हती. एक बाई रेटत होती, तिला हा म्हणाला, "बाई, हिले सातवा महिना आहे. धक्का नका मारू." मग लोकांनी त्याला बसायला जागा दिली. हे त्यानं इथे सगळ्यांना सांगितलं.

भरण्याआधी धूळ पुसावी म्हणून मी आत हात घातला. मग बाहेरून फिरवला. मग दारात उजेडात येऊन बसले आणि पुन्हा दोन्हीकडून फिरवला.

घागर चांगली झाली आहे. काठ तू अगदी त्यांच्यासारखा आणलास, खालची रेघही. माती तू इकडूनच नेली असशील, भाजल्यावर रंग तोच आला आहे. रुख्माबाईनं बघितली आणि म्हणाली, "भेटली बाई आखरीले त्याच्या हातची." मी हो म्हटलं.

आम्ही घागर कशी थापायचो, ते तू कधी बघितलं नाहीस. सकाळी चाकावरून उतरलेलं मडकं दुपारी थापायला येतं, आणि दुपारी तू मामाकडे जेवायला गेलेला असायचास. सगळीकडे हे काम एकच माणूस करतो. एका हातानं आतून गोळा टेकवायचा, दुसऱ्या हातानं बाहेरून लाकडी थापी मारायची. आमच्याकडे तसं नव्हतं. माझं लग्न झालं त्या वर्षी ते बैलगाडीवरून पडले होते आणि उजवा हात वर उचलत नव्हता. म्हणून ते आतून गोळा धरायचे आणि बाहेरून मी मारायची. पुढे हात बरा झाला, पण आम्ही तसंच करत राहिलो. कोणी ठरवलं नाही.

मधे मातीची भिंत असायची. त्यांचा हात मला दिसायचा नाही. गोळा सरकला की अंदाजानं मारायची, आणि माझी थापी जरा पुढेच पडायची. ते म्हणायचे, "तुले काऊन इतकी घाई होऊन राह्यली? मी मांगंच आहो अजून." रोज म्हणायचे. मी म्हणायची, मग या ना पुढं. यात बावीस-तेवीस वर्षं गेली. माझी घाई गेली नाही आणि ते पुढे आले नाहीत. त्यामुळे आमच्या घागरीला आतला खळगा एकीकडे आणि बाहेरचा थापीचा ठसा जरा पुढे, असं असतं. घेणाऱ्याला कधी कळलं नाही. पाणी राहायचं.

तुझ्या घागरीत खळगा आणि ठसा एकावर एक आहेत. एका माणसाचे दोन हात एकमेकांना चुकत नाहीत.

म्हणजे ती फुटली. विकली असतीस तर दुसरी करायला बसला नसतास. कशी फुटली ते लिहायची गरज नाही, मातीची होती. माफीचं पत्रही लिहू नको. मागच्या पत्रात मी तुझ्यावर संशय घेतला, तो चुकीचा होता. तुला द्यायची होती आणि तुझ्याजवळ नव्हती, हे मला सुचलं नाही.

आता अखजीचं सांगते. माझ्या मनात आलं की ही बाजूला ठेवावी आणि बाजारातून दुसरी आणावी. वेळ होता. पिशवी घेऊन निघालेही होते. मग वाटलं, बाजारातली घागर करणाऱ्याला ती कोणासाठी केली ते ठाऊक नसतं. ही करणाऱ्याला ठाऊक होतं. गेलेल्या माणसाला त्यानंच केलेल्या घागरीत पाणी द्यावं, असं रीत म्हणत नाही. तो माझा हट्ट होता. त्यांनी तर कितीतरी घरांच्या मेलेल्यांसाठी घागरी केल्या. त्यांच्यासाठी अशी करणारं कोणी नव्हतं. म्हणून तुझीच भरली. वर आंबा ठेवला. रुख्माबाईच्या मुलानं पूजा केली. सकाळी बघितलं, कुठे गळली नव्हती. पाणी गार होतं.

रुख्माबाईला मी काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नको. तिला त्यात समाधान आहे.

आता एक काम कर. फुटलेल्या घागरीचे तुकडे तू फेकले नसशील. तुझा स्वभाव तसा नाही. त्यातला एक पाठव. काठाचा नको. काठ चाकावर होतो, तो त्यांच्या एकट्याचा आहे, तो तुझ्याजवळ ठेव, तुला त्याचा उपयोग होईल. मला पोटाकडचा, तळहाताएवढा पुरे. कापडात गुंडाळून दे, कवडू आणील.

गोळा इथेच आहे, पुस्तकावर. तुकडा आला की मी गोळा पानावरून उचलीन आणि आतल्या खळग्यात बसवून बघीन. मग दुसरा हात बाहेरून ठेवीन, जरा पुढे.

पंचफुला